दोन सुलट, दोन उलट आणि संगणकाचा प्रोग्रॅम

डिसेंबरातला रविवार होता. दिल्लीच्या थंडीत दुपारचे ऊन म्हणजे चैनीची वस्तू. नोएडाला ताईकडे गेले, तर सगळे घर गच्चीवर होते. आई सतरंजीवर बसून स्वेटर विणत होती, ताई मटार सोलत होती आणि अकरावीत शिकणारी भाची कोपऱ्यात वही उघडून काहीतरी पुटपुटत होती.

"कविता पाठ करतेस का गं?" मी विचारले.

"कविता कसली, मावशी! प्रोग्रॅम पाठ करतेय," ती वैतागून म्हणाली.

वहीत पाहिले. ताऱ्यांचे त्रिकोण, उलटे त्रिकोण, पिरॅमिड, आकड्यांच्या पायऱ्या अशी अठरा चित्रे होती आणि प्रत्येक चित्राखाली ते पडद्यावर उमटवणारा प्रोग्रॅम. अठराही प्रोग्रॅम तिने एका गाइडमधून उतरवून घेतले होते आणि आता स्तोत्रासारखे घोकत होती. पण आदल्या आठवड्यातल्या चाचणीत बाईंनी पाठ केलेला त्रिकोण उलटा करून विचारला आणि हिची पाटी कोरी राहिली.

खरी बातमी ताईने हळूच सांगितली. भाचीला हा विषयच सोडायचा होता. विषय बदलून मिळावा म्हणून शाळेला द्यायचा अर्ज तिच्या बाबांनी लिहूनही ठेवला होता. सोमवारी द्यायचा होता. दहावीनंतर हाच विषय हवा म्हणून हट्ट धरणारी मुलगी आता म्हणत होती, "माझं डोकंच यासाठी नाही."

ताई म्हणाली, "मी तरी काय सांगणार? मला यातलं ओ की ठो कळत नाही."

हे वाक्य आज किती घरांतून ऐकू येते! म्हणूनच या वेळी हा विषय इथे घेतला आहे.

पाठांतर कुठे अडते?

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, अकरावीच्या अभ्यासक्रमात संगणकशास्त्र हा विषय आहे. त्यात ७० गुणांची लेखी आणि ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. पूर्वी तो मुख्यतः सी प्लस प्लस या भाषेतून शिकवला जाई. २०१८च्या सुमारास तिची जागा पायथन या भाषेने घेतली. एनसीईआरटीचे या विषयाचे अकरावीचे पुस्तक २०१९ साली आले. त्यातल्या सहाव्या प्रकरणात लूप शिकवले आहेत. अभ्यासक्रमात लूपच्या सरावासाठी जे प्रोग्रॅम सुचवले आहेत, त्यांत नक्ष्या काढणे, मालिकेची बेरीज आणि संख्येचे फॅक्टोरियल यांचा उल्लेख आहे. भाचीच्या वहीतली ताऱ्यांची फौज इथूनच आली होती.

लूप म्हणजे फेरा. तेच काम ठरावीक वेळा पुन्हा करायला संगणकाला सांगायचे, एवढाच त्याचा अर्थ. शंभर वेळा लिहायचे असेल, तर शंभर ओळी आपण लिहायच्या नाहीत. एकदा काय करायचे ते सांगायचे आणि किती वेळा करायचे ते सांगायचे.

हे पाठ का करता येत नाही? कारण परीक्षक एक आकडा बदलतो आणि पाठ केलेली सगळी ओळच निरुपयोगी होते. बे ते तीसचे पाढे पाठ असले तरी एकतीसचा पाढा कसा तयार करायचा हे ज्याला कळले, त्यालाच पाढा कळला असे आपण म्हणतो. प्रोग्रॅमचेही तसेच आहे.

आजीच्या सुया

मी भाचीला समजावण्याच्या भानगडीत पडणार, एवढ्यात आई सुया थांबवून म्हणाली, "काय आहे गं ते? तेच तेच पुन्हा करायचं ना? मग माझ्यासारखंच झालं."

आईच्या हातात भाचीच्याच स्वेटरची किनार होती. ९६ टाके घातलेले. दोन सुलट, दोन उलट, पुन्हा दोन सुलट, दोन उलट. ओळ संपली की विणकाम फिरवायचे आणि दुसरी ओळ सुरू करायची. अशा २० ओळी झाल्या की किनार पुरी.

"एका ओळीत हे दोन सुलट दोन उलट किती वेळा येतं, आजी?" भाचीने विचारले.

"चार टाक्यांचा एक घास. ९६ टाक्यांत २४ वेळा. आणि अशा २० ओळी."

भाची क्षणभर गप्प बसली. मग तिने वहीचे मागचे पान उघडले आणि लिहिले : बाहेरचा फेरा २० वेळा, त्याच्या आत दुसरा फेरा २४ वेळा, आतला संपला की विणकाम फिरव.

वाचकहो, संगणकाच्या पुस्तकात याला नेस्टेड लूप म्हणतात, म्हणजे फेऱ्यात फेरा. मुले सर्वांत जास्त अडखळतात ती इथेच. आपल्या मासिकांत विणकामाचे नमुने छापून येतात. 'याप्रमाणे शेवटपर्यंत विणा', 'या आठ ओळी पुन्हा करा' असली वाक्ये आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तोही एक प्रोग्रॅमच होता. आपण त्याला ते नाव दिले नव्हते, इतकेच.

हा सांधा केवळ उपमेचा नाही. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८०४च्या सुमारास, भोके पाडलेल्या पत्त्यांवरून आपोआप नक्षी विणणारा माग तयार केला. तीच पत्त्यांची कल्पना इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. त्या यंत्राविषयी एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली ज्या टिपा प्रसिद्ध केल्या, त्यांत क्रियांचा एक गट पुन्हा पुन्हा कसा करवून घ्यायचा याचा विचार आहे. यंत्र काही पुरे झाले नाही, पण लूपची कल्पना कागदावर उतरली होती.

चार ओळींचा प्रोग्रॅम

आता प्रत्यक्ष प्रोग्रॅम पाहू. घाबरू नका, चारच ओळी आहेत. पाच ओळींचा ताऱ्यांचा त्रिकोण काढायचा आहे, पहिल्या ओळीत एक तारा, दुसऱ्या ओळीत दोन, असे पाचपर्यंत.

फॉर ओळ इन रेंज(१, ६):
    फॉर तारा इन रेंज(ओळ):
        प्रिंट("*", एंड="")
    प्रिंट()

वाचण्याच्या सोयीसाठी हे इथे देवनागरीत दिले आहे. संगणकावर फॉर, इन, रेंज, एंड, प्रिंट हे शब्द आणि आकडे इंग्रजी लिपीतच टंकावे लागतात. 'ओळ' आणि 'तारा' ही आपण ठेवलेली नावे मात्र पायथनच्या आजच्या आवृत्तीत खरोखरच देवनागरीत चालतात.

पहिली ओळ म्हणते, 'ओळ' या नावात १पासून पुढचे आकडे एकेक करून घाल. दुसरी म्हणते, जितकी ओळ असेल तितके फेरे घे. तिसरी प्रत्येक फेऱ्यात एक तारा छापते. चौथी ओळ पुरी झाल्यावर खाली उतरते. आईच्या भाषेत, विणकाम फिरवते.

या चार ओळींत मुलांच्या बहुतेक चुका सापडतात.

पहिली चूक शेवटच्या आकड्याची. पाच ओळी हव्यात, मग ६ कशाला? कारण रेंजमध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही. १ ते ६ सांगितले तर १, २, ३, ४, ५ एवढेच मिळतात. बेचा पाढा छापताना १ ते १० लिहिले तर पाढा 'बे नव्वे अठरा'वर थांबतो आणि 'बे दाहे वीस' राहून जाते. तिथे ११ लिहावे लागते.

दुसरी चूक एंडची. प्रिंट ही आज्ञा काम झाल्यावर आपोआप खालच्या ओळीवर जाते. तारे एकाच ओळीत हवे असतील, तर 'शेवटी काही करू नकोस' असे सांगावे लागते. एंडसमोरच्या रिकाम्या अवतरणचिन्हांचा अर्थ तोच.

तिसरी चूक सर्वांत फसवी, शेवटच्या प्रिंटच्या जागेची. पायथनमध्ये डावीकडे सोडलेली मोकळी जागा ही शोभा नसते, तिला अर्थ असतो. कोणती आज्ञा कोणत्या फेऱ्याच्या पोटात आहे, हे त्या जागेवरून ठरते. शेवटचे प्रिंट आतल्या फेऱ्यात सरकले तर प्रत्येक तारा वेगळ्या ओळीवर पडतो. ते लिहायचे राहिले तर पंधराच्या पंधरा तारे एकाच ओळीत येतात. प्रत्येक टाक्यानंतर विणकाम फिरवले किंवा कधीच फिरवले नाही, तर स्वेटरचे काय होईल, ते वाचकांना सांगायला नको.

चौथी चूक वाईल या दुसऱ्या प्रकारच्या लूपमधली. वाईल म्हणजे 'अमुक खरे आहे तोवर करत राहा'. आत मोजणी वाढवायला विसरले, तर ती अट कधीच खोटी होत नाही आणि पडद्यावर तेच अक्षर पावसासारखे पडत राहते. भाचीच्या बाबतीत घरच्या संगणकावर हे झाले होते आणि संगणक बिघडला या भीतीने तिने वीजच बंद केली होती. काही बिघडत नाही. कंट्रोलची कळ दाबून ठेवून सी दाबले की प्रोग्रॅम थांबतो.

भाचीला मी म्हटले, "आता बाईंनी विचारलेला उलटा त्रिकोण कर."

तिने बराच वेळ पेन्सिल चावली. मग पहिल्या ओळीतले १, ६ खोडून तिथे ५, ०, उणे १ असे लिहिले. म्हणजे ५पासून सुरू कर, ० येण्याआधी थांब, दर वेळी एक कमी कर. बाकीच्या तीन ओळींना हातही लावावा लागला नाही. "एवढंच होतं?" ती म्हणाली. त्या दोन शब्दांत आनंदापेक्षा राग जास्त होता, आणि तो मला रास्त वाटला.

ताईचे टायपिंग

पण पिरॅमिडपाशी गाडी पुन्हा अडली. त्याचे चित्र असे असते :

    *
   ***
  *****
 *******
*********

आई म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी." खरे आहे. पण रांगोळी काढताना आपण मधोमध बोट टेकवतो आणि दोन्ही बाजूंनी वाढवत जातो. संगणकाला ही मुभा नाही. तो प्रत्येक ओळ डाव्या कडेपासून सुरू करतो. तारा मध्ये यायला हवा असेल तर आधी किती जागा मोकळ्या सोडायच्या, ते आकड्यात सांगावे लागते. मोकळी जागा हेही त्याच्या लेखी एक अक्षरच असते.

इथे ताईने मटाराचे ताट बाजूला ठेवले.

"हे मला येतं," ती जरा संकोचाने म्हणाली. "टायपिंगला हेडिंग मध्यावर घ्यायला असंच मोजायचो."

लग्नाआधी, महाराष्ट्रात असताना, ताईने शासनाची टंकलेखनाची परीक्षा दिली होती. दिल्लीला आल्यावर नोकरी केली नाही आणि ते प्रमाणपत्र फाइलमध्येच राहिले. ज्या वाचकांनी टायपिंग क्लासच्या बाकावर संध्याकाळी घालवल्या आहेत, त्यांना हा हिशेब आठवत असेल. ओळीत अक्षरे ८०, शीर्षकाची अक्षरे २०. उरली ६०. त्यांची निम्मी ३०. म्हणजे ३० जागा सोडून शीर्षक सुरू करायचे.

ताईने पेन्सिल घेतली. पिरॅमिडची सर्वांत रुंद ओळ ९ ताऱ्यांची. दुसऱ्या ओळीत तारे ३. उरले ६, निम्मे ३. म्हणजे आधी तीन जागा मोकळ्या. तिसऱ्या ओळीत तारे ५, उरले ४, निम्मे २. तिने पाचही ओळींचा तक्ता केला. मोकळ्या जागा ४, ३, २, १, ०. तारे १, ३, ५, ७, ९.

भाचीने तक्त्याकडे पाहून सूत्र काढले. मोकळ्या जागा म्हणजे पाचातून ओळीचा क्रमांक वजा. तारे म्हणजे ओळीच्या क्रमांकाची दुप्पट वजा एक. बाहेरच्या एका फेऱ्यात आता दोन लहान फेरे, एक मोकळ्या जागांचा आणि एक ताऱ्यांचा. पाचाऐवजी पन्नास ओळी हव्या असतील तर पाचाच्या जागी पन्नास.

मायलेकींची डोकी एका वहीवर वाकलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली. 'मला यातलं काही कळत नाही' म्हणणाऱ्या ताईला हिशेबाची ही बाजू तीस वर्षांपासून येत होती. शिकवणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने तिला कधी विचारले नव्हते.

छपाईचीही एक शिस्त

नक्ष्यांचा खरा उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. कचेरीत कोणी ताऱ्यांचे पिरॅमिड मागत नाही. शिवाय पायथनमध्ये ताऱ्याला पाचाने गुणले तर पाच तारे आपोआप मिळतात, आतल्या फेऱ्याची गरजही उरत नाही. नक्ष्या देतात ती मोजण्याची सवय. ती सवय पुढे लागते ती तक्ते, बिले, याद्या नीटनेटक्या छापण्यासाठी.

पाचापर्यंतचे पाढे काही न सांगता छापले तर असे येतात :

१ २ ३ ४ ५
२ ४ ६ ८ १०
३ ६ ९ १२ १५
४ ८ १२ १६ २०
५ १० १५ २० २५

आणि प्रत्येक आकड्याला चार घरे राखून ठेवली तर असे :

   १   २   ३   ४   ५
   २   ४   ६   ८  १०
   ३   ६   ९  १२  १५
   ४   ८  १२  १६  २०
   ५  १०  १५  २०  २५

आकडे तेच, पण दुसरा तक्ता वाचता येतो. एकम् खाली एकम्, दशम् खाली दशम्, हे आपल्याला पहिलीत शिकवले होते तेच. पायथनमध्ये यासाठी एफ-स्ट्रिंग नावाची सोय २०१६ साली आली. आकड्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे देऊन ४ लिहिले की चार घरे राखली जातात. '<' या चिन्हाने मजकूर डावीकडे, '>' ने उजवीकडे आणि '^' ने मध्यावर येतो. म्हणजे ताईचा हेडिंगचा हिशेब संगणक स्वतःच करतो. रुपये-पैसे छापायचे असतील तर दशांश चिन्हानंतर दोनच आकडे ठेव, असेही सांगता येते. मग साडेपंचेचाळीस रुपये ४५.५ असे अर्धवट न दिसता ४५.५० असे दिसतात. नावे डावीकडे आणि आकडे उजवीकडे, हा किराणा दुकानदाराच्या चोपडीतला नियम इथेही लागू आहे.

ही गरज आजची नाही. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली फोरट्रान ही भाषा १९५७ साली आली. तिच्यात फेऱ्यांसाठी 'डू' आणि छपाईसाठी 'फॉरमॅट' अशा आज्ञा होत्या. १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्‌झ या दोन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी बेसिक ही सोपी भाषा तयार केली. आपल्याकडे १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' ही संगणक साक्षरता योजना सुरू झाली आणि सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक पोहोचले. त्या पिढीने पहिला फेरा बेसिकच्या 'फॉर' आणि 'नेक्स्ट' या जोडीतून शिकला. भाषा बदलल्या, कल्पना त्याच राहिल्या.

दिल्लीकरांना छापील तक्त्याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण रेल्वेचे आहे. संगणकाने आरक्षण १९८६ साली नवी दिल्लीपासून सुरू झाले. त्याच वर्षी रेल्वेच्या संगणक कामासाठी दिल्लीत क्रिस ही संस्था स्थापन झाली. पुढे कितीतरी वर्षे गाडी सुटण्याआधी फलाटावर आपण डब्याच्या दाराशी चिकटवलेला लांबलचक तक्ता बोटाने वाचत असू. बर्थ, नाव, वय, सगळे आपापल्या रकान्यात. सुटीत गावी निघालेल्या घरांना तो तक्ता म्हणजे निकालपत्र वाटे. २०१८ साली मोठ्या स्थानकांवर डब्यांना तक्ते चिकटवणे थांबवण्यात आले. पण विचार करा, तो तक्ता म्हणजे तरी काय होता? बाहेरचा फेरा डब्यांचा, आतला फेरा बर्थचा आणि प्रत्येक रकान्याला ठरवून दिलेली घरे.

श्रीकृष्ण किती अक्षरांचा?

तो सोमवार आला आणि गेला. अर्ज टेबलाच्या खणातच राहिला. भाचीचे बाबा म्हणाले, "महिनाभर बघू." मला वाटते, त्यांनी ठीक केले.

जानेवारीत भाचीचा फोन आला. त्यांच्या भागातल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवासाठी वर्गणीची यादी करायची होती आणि हिने ती प्रोग्रॅमने करायची ठरवली होती. इंग्रजी अक्षरांत नावे घातली तेव्हा रकाने सरळ आले. देवनागरीत घातली आणि आकडे दारू प्यायल्यासारखे वेडेवाकडे झाले.

"मावशी, बारा घरं राखली आहेत. मग चुकतं कुठे?"

मलाही उत्तर येत नव्हते. एका जाणकाराला विचारले. उत्तर मजेशीर निघाले. 'कमल' हे नाव आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसते आणि संगणकही तीनच मोजतो. पण 'श्रीकृष्ण' आपल्या लेखी तीन अक्षरांचा असला, तरी संगणक नऊ मोजतो : श, हलन्ताचे चिन्ह, र, दीर्घ वेलांटी, क, ऋकार, ष, पुन्हा हलन्ताचे चिन्ह आणि ण. युनिकोड या संकेतपद्धतीत प्रत्येक मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगळे साठवले जातात. त्यामुळे बारा घरांत कमलपुढे नऊ जागा सोडल्या जातात आणि श्रीकृष्णापुढे तीनच. शिवाय देवनागरीतली अक्षरे इंग्रजी टायपिंगसारखी एकाच रुंदीची नसतात. मग रकाने सरळ येणार कसे?

भाचीने शेवटी नावांच्या आधी वर्गणीचा आकडा छापला. उजवीकडे टेकलेला आकडा आधी, नाव नंतर. रकाना सरळ झाला. हा उपाय तिचा स्वतःचा होता, कोणत्याही गाइडमध्ये नसलेला.

फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षा झाली. कधी न पाहिलेली नक्षी आली, ती तिने तक्ता मांडून सोडवली. दुसऱ्या प्रश्नात रेंजचा शेवटचा आकडा चुकला आणि गुण गेले. गुण मध्यम पडले. बारावीला मात्र विषय तोच आहे.

पालकांनी काय करावे?

आपल्याला संगणक येत नाही, म्हणून मुलांच्या या अभ्यासातून अंग काढून घेऊ नका. काही गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

मुलाला आधी कागदावर तक्ता करायला सांगा : ओळ कितवी, मोकळ्या जागा किती, तारे किती. सूत्र त्या तक्त्यात सापडते, पाठांतरात नाही.

त्याने लिहिलेला प्रोग्रॅम त्यालाच मोठ्याने वाचायला लावा आणि तुम्ही संगणक व्हा. तो सांगेल तेवढेच करा, मनाने एकही तारा जास्त काढू नका. चूक कुठे आहे, ते त्याचे त्यालाच दिसेल.

तयार प्रोग्रॅम हाती आला तर त्यातला एकच आकडा बदलून काय होईल, ते आधी ओळखायला सांगा आणि मग चालवून बघायला सांगा. दहा प्रोग्रॅम उतरवण्यापेक्षा एक प्रोग्रॅम दहा प्रकारे मोडून पाहणे अधिक उपयोगाचे.

पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसली की रागावू नका. त्या मजकुरात बहुतेक वेळा कोणत्या ओळीत अडले, हे लिहिलेले असते. मुले तो न वाचताच पुसून टाकतात.

महागडे गाइड घेण्याआधी एनसीईआरटीचे पुस्तक बघा. ते संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, 'माझं डोकंच यासाठी नाही' हे वाक्य मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, तोंडून आले तर ते लगेच खरे मानू नका. अर्ज लिहायला घेण्याआधी आठवडाभर शेजारी बसा. कदाचित ते डोके फक्त पाठांतरासाठी नसेल.

मागच्या महिन्यात ताईकडे गेले, तेव्हा आई उन्हात बसून नवा स्वेटर विणत होती. शेजारी भाचीने काढलेला कागद होता. त्यावर फुल्या आणि टिंबांनी नक्षी छापलेली, टिंब म्हणजे सुलट टाका आणि फुली म्हणजे उलट. ओळींचे क्रमांक कडेला, सरळ रकान्यात.

"अक्षर छान मोठं काढलंय पोरीने," आई म्हणाली. "फक्त विसाव्या ओळीत एक फुली कमी पडलीय. तिला सांग, शेवटचा आकडा पुन्हा चुकला."